गोळ्यांचे दुष्परिणाम की जीवनशैलीत बदल? टाइप २ मधुमेहाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला टाइप २ मधुमेह असल्याचं कळून १२ वर्षं झाली. तेव्हापासून नव्याने निदान झालेले ओळखीचे लोक माझ्याकडे येतात आणि फिरून फिरून तेच विचारतात: गोळ्यांचा त्रास सोसायचा की पथ्य आणि व्यायामावर भागवायचं? मी डॉक्टर नाही. इथली उत्तरं स्वतःच्या अनुभवातून आणि या विषयावरच्या मोठ्या अभ्यासांतून आली आहेत. तुमचा डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, हे ठरवायला या पानाचा उपयोग व्हावा.

गोळी न घेता, फक्त आहार आणि व्यायामावर साखर आटोक्यात राहते का?

काहींची राहते, आणि काही काळ राहते. निदान नुकतंच झालं असेल, वजन उतरवायला वाव असेल आणि साखर फार चढलेली नसेल, तर शक्यता चांगली.

याचा सर्वांत ठळक पुरावा २०१७ साली ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ अभ्यासातून आला. त्यात ३०६ जण होते. निम्म्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या आणि त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८२५ ते ८५० कॅलरी एवढ्याच आहारावर ठेवलं. वर्षाअखेरीस त्यांच्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळीशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. ज्यांनी १५ किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं.

हे आकडे वाचून मलाही उभारी आली होती. पण पुढचंही वाचायला हवं. या सगळ्यांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, कोणीही इन्सुलिनवर नव्हतं, आणि नर्स किंवा आहारतज्ज्ञ सतत पाठीशी होते. एवढं करूनही वर्षाअखेरीस निम्म्याहून जास्त लोकांना ते साधलं नाही आणि दोन वर्षांनी प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. म्हणजे वाट खरी आहे, पण चढाची आहे आणि एकट्याने चढायची नाही.

एका परिस्थितीत मात्र थांबून पाहण्याचा प्रश्नच येत नाही. साखर ३०० च्या वर असेल, न प्रयत्न करता वजन घटत असेल, सारखी तहान आणि सारखी लघवी होत असेल, तर आधी औषध. कित्येकदा काही आठवडे इन्सुलिनही लागतं. साखर उतरली की बाकीचा विचार शांतपणे करता येतो.

माझं एचबीएवनसी ८.९ आलं आहे. तीन महिने नुसतं पथ्य करून पाहू का?

एचबीएवनसी ही रक्ताची चाचणी, तिचा आकडा म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ते ७ किंवा ७.५ च्या आत असेल तर बरेच डॉक्टर असा अवधी द्यायला तयार असतात. ८.९ ला गणित वेगळं होतं.

मेटफॉर्मिन या सहसा सर्वांत आधी दिल्या जाणाऱ्या गोळीने एचबीएवनसी साधारण १ ते १.५ ने उतरतं. नियमित व्यायामाने सरासरी ०.६ ते ०.७ ने. आहारातल्या बदलाची भर त्यावर पडते, पण ती माणसागणिक फार वेगळी असते. ८.९ वरून ७ ला यायचं तर १.९ चं अंतर कापायचं आहे. नुसत्या चालण्याने ते कापणं बहुतेकांना अवघड. गोळी आणि चालणं जोडीने धरलं तर ते आवाक्यात येतं.

तीन महिने थांबल्याने डोळे जाणार नाहीत, हे खरं. माझी भीती वेगळी आहे. तीन महिन्यांचे सहा होतात, सहाचं वर्ष होतं. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या यूकेपीडीएस अभ्यासात नव्याने निदान झालेले ५,१०२ रुग्ण होते. १९९८ मध्ये निकाल आला: ज्या गटाचं एचबीएवनसी ७.९ ऐवजी ७.० राखलं, त्यांच्यात डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी कमी होते. पुढे दोन्ही गटांची साखर सारखी झाली, तरी दहा वर्षांनंतरही आधी जपलेल्यांना फायदा होताच. सुरुवातीची वर्षं शरीर विसरत नाही.

म्हणून अवधी मागायचा असेल तर तारीख आणि आकडा ठरवून मागा: अमुक तारखेला तपासणी करीन आणि एचबीएवनसी अमुकच्या खाली नसेल तर गोळी सुरू करीन.

मेटफॉर्मिन सुरू केल्यापासून जुलाब आणि मळमळ होते. बंद करू का?

मी बंद केली होती, आणि ते कोणाला सांगितलं नव्हतं. काय झालं ते सविस्तर सांगते.

मला सुरुवातीलाच दिवसातून दोनदा १००० मिलिग्रॅम लिहून दिलं होतं. चौथ्या दिवसापासून सकाळी दर पाऊण तासाला संडासला जावं लागायचं. तोंडाला धातूची चव, अन्नाचा वास नकोसा. सहाव्या दिवशी मी गोळ्यांचं पाकीट कपाटात मागे सरकवलं आणि मनाशी म्हटलं, चालण्यावर भर देऊ. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.८ चं ९.१ झालं होतं. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि दुसरी गोळी जोडली. त्यांच्या दृष्टीने बरोबरच होतं. पहिली गोळी पोटात जातेय आणि तरीही पुरत नाहीये, असंच त्यांना दिसत होतं. एका गोळीचा त्रास लपवला म्हणून माझ्या मागे दोन गोळ्या लागल्या असत्या. तेव्हा कुठे मी तोंड उघडलं.

उपाय साधा निघाला. हळूहळू विरघळणारी गोळी, पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेली. ५०० मिलिग्रॅम, रात्रीच्या जेवणासोबत, रिकाम्या पोटी कधीच नाही. दोन आठवड्यांनी डोस थोडा वाढवायचा, पुन्हा वाट पाहायची. पोट तिसऱ्या आठवड्यात ताळ्यावर आलं आणि आजवर तसंच आहे.

सगळ्यांचं असंच होईल असं नाही. शंभरातल्या साधारण पाच जणांना मेटफॉर्मिन कोणत्याही रूपात सोसत नाही. त्यांच्यासाठी दुसरी औषधं आहेत. पण ‘मला ही गोळी सोसत नाही’ म्हणण्याआधी डोस, वेळ आणि गोळीचा प्रकार बदलून पाहिला का, हे तपासा.

आणखी एक गोष्ट सुटून जाते. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्याने ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ कमी होऊ शकतं. त्याने पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, थकवा वाटतो. मधुमेहाने नसा बिघडल्या तरी तेच होतं, त्यामुळे सगळं मधुमेहाच्या नावावर जातं आणि सहज भरून निघणारी कमतरता तशीच राहते. बी-१२ ची तपासणी अधूनमधून मागून घ्या.

या गोळ्यांनी किडनी खराब होते, असं सगळे म्हणतात.

किडनी खराब होते ती मुख्यतः वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेने आणि रक्तदाबाने. गोळी त्याच काळात चालू असते, म्हणून दोष तिच्या माथी येतो.

गैरसमजाचं मूळ बहुधा इथे आहे: किडनी मंदावली की मेटफॉर्मिन शरीरात साठतं, म्हणून डॉक्टर ते कमी करतात. ईजीएफआर हा किडनीच्या कामाचा आकडा ४५ च्या खाली गेला की डोस घटवतात, ३० च्या खाली गेला की बंद करतात. त्यामागे लॅक्टिक अ‍ॅसिडोसिस म्हणजे रक्तात आम्ल साठण्याच्या दुर्मिळ पण गंभीर धोक्याची काळजी असते. ‘किडनी बिघडली आणि गोळी बंद केली’ याचं ऐकता ऐकता ‘गोळीने किडनी बिघडली’ होतं. उलट एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या गटाच्या गोळ्या किडनी आणि हृदय जपण्यासाठी मुद्दाम दिल्या जातात.

मग नेमकी भीती कोणत्या गोळीची बाळगायची?

‘गोळ्यांचे दुष्परिणाम’ असं एकगठ्ठा बोलणं सोडून द्या. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचा. प्रत्येक गटाचा त्रास निराळा.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष द्यावं ते ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गटाकडे. या गोळ्या स्वादुपिंडाकडून जबरदस्तीने इन्सुलिन काढून घेतात, तुम्ही जेवलात की नाही हे न बघता. माझ्या वडिलांना ग्लिमेपिराइड होतं. एका रात्री भूक नाही म्हणून ते न जेवता झोपले, गोळी मात्र सवयीने घेतली. पहाटे दोनला आईला जाग आली तेव्हा त्यांचा शर्ट घामाने भिजलेला होता आणि ते माझ्या आत्याच्या नावाने कोणाशी तरी बोलत होते. मीटरने ४८ दाखवलं. ते गिळू शकत होते म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं. पंधरा मिनिटांनी ७१. मग थोडं खायला दिलं आणि उजाडेपर्यंत आम्ही दर तासाला सुई टोचत बसलो.

साखर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची, वर आली नसेल तर परत घ्यायची. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, तातडीची मदत बोलवायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हे सगळं लागू. दोन्हींनी थोडं वजनही वाढतं.

बाकीचं थोडक्यात. नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असलेल्या गटाने साखर लघवीवाटे जाते, त्यामुळे जननेंद्रियाच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वच्छता राखली तर बराच टळतो आणि झालाच तर उपचार सोपा असतो, पण लाजेपायी लोक सांगत नाहीत आणि गोळीच सोडतात. पायोग्लिटाझोनने अंगावर सूज येते. हृदय कमजोर असलेल्यांना ते चालत नाही आणि हाडंही ठिसूळ होऊ शकतात. नावाच्या शेवटी ‘ग्लिप्टिन’ असलेल्या गटाचा त्रास बहुतेकांना जाणवतही नाही. अकार्बोजने गॅस होतो, आणि ते घेणाऱ्याची साखर दुसऱ्या एखाद्या औषधाने खाली गेली तर साध्या साखरेचा उपयोग संथ होतो, ग्लुकोजच लागतं.

जीवनशैली बदलण्याचे तरी दुष्परिणाम नाहीत ना?

आहेत, आणि त्यांच्याबद्दल कोणी पत्रक छापून देत नाही.

गोळ्यांचा डोस तोच ठेवून खाणं एकदम निम्मं केलं, तर वर सांगितलेली ग्लिमेपिराइडची रात्र तुमच्याही घरी येऊ शकते. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना वजन झपाट्याने उतरलं, तर उठताना भोवळ येते, कारण आता तेवढ्या औषधाची गरज उरलेली नसते. ‘ग्लिफ्लोझिन’ घेणाऱ्याने पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले, तर रक्तात आम्लं साठून कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, तोही साखर फारशी चढलेली नसताना. मीटर पाहून फसगत होते. मळमळ, उलट्या, धाप, पोटदुखी असेल तर आकडा बरा दिसला तरी दवाखाना गाठा. वजन फार वेगाने घटलं तर पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते.

पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाने नव्या बुटांत पाच किलोमीटर चालायला सुरुवात केली, तर फोड आलेला कळत नाही, त्याची जखम होते आणि ती महिनोन् महिने भरत नाही. चालून आल्यावर तळवे रोज पाहा, आरसा वापरा किंवा घरच्यांना पाहायला सांगा. डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या आल्या असतील तर जड वजनं उचलण्याआधी नेत्रतज्ज्ञांना विचारा.

यातलं काहीही व्यायाम टाळण्याचं कारण नाही. मोठा बदल करणार असाल तर डॉक्टरांना आधी सांगा आणि गोळ्यांचा डोस त्याप्रमाणे बदलून घ्या, एवढंच.

चालण्याने खरंच एवढा फरक पडतो?

माझी वही उघडून सांगते. दोन दिवस, तेच जेवण, तेवढंच. पहिल्या दिवशी जेवून खुर्चीत बसले. दोन तासांनी २०४. दुसऱ्या दिवशी जेवल्यावर लगेच वीस मिनिटं चालले. दोन तासांनी १६१. एका माणसाच्या दोन दिवसांवरून नियम निघत नाही, पण स्वतःच्या बोटातल्या थेंबाने दाखवलेला आकडा मनावर जो ठसा उमटवतो तो भाषणाने उमटत नाही. तुम्हीही करून पाहा.

कारणही समजून घेण्यासारखं आहे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत ओढू शकतो. टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, ही मूळ अडचण. चालताना स्नायू ती बाजूला टाकतो. हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. आठवड्याला १५० मिनिटं बऱ्यापैकी वेगाने चालणं आणि दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम, ही सर्वमान्य शिफारस.

नुसत्या जीवनशैलीने हृदयविकारही टळेल का?

इथे मला आवडणारं उत्तर मिळत नाही. अमेरिकेतल्या ‘लुक अहेड’ अभ्यासात टाइप २ मधुमेह आणि जास्त वजन असलेले ५,१४५ जण होते. वजन आणि व्यायामावर कसून मेहनत घेतलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात ठळकपणे कमी झाले नाहीत, असं २०१३ मध्ये जाहीर झालं. पण त्याच लोकांना कमी औषधं लागली, त्यांची हालचाल चांगली राहिली, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास घटला आणि किडनीच्या गंभीर विकाराचं प्रमाणही उतरलं. तेव्हा चाला जरूर, पण त्या भरवशावर रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सोडू नका.

गोळी घ्यावी लागली म्हणजे मी कमी पडलो का?

नाही. यूकेपीडीएसच्या नोंदींवरून दिसलं की निदान होतं तेव्हाच इन्सुलिन बनवण्याची क्षमता जवळपास निम्मी गेलेली असते, आणि पुढेही घटत जाते. मनापासून पथ्य करणाऱ्याचीही साखर पाच-सात वर्षांनी चढू शकते. ‘नीट पथ्य केलं असतं तर’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या तोंडून फार ऐकलं आहे. त्याने माणूस तपासणीच टाळायला लागतो.

एकदा सुरू झाली की आयुष्यभर?

असा नियम नाही. वजन उतरलं, आकडे सुधारले की डॉक्टर एकेक गोळी कमी करतात. सहसा साखर नको तितकी खाली पाडू शकणारी, ग्लिमेपिराइडसारखी, आधी. हृदय किंवा किडनीसाठी दिलेली गोळी मात्र साखर उत्तम असली तरी चालू राहू शकते. औषधं बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी ६.५ च्या खाली राहिलं तर त्याला ‘रेमिशन’ म्हणतात, ही व्याख्या २०२१ साली ठरली. मुद्दाम ‘बरा झाला’ म्हटलेलं नाही. वजन परत आलं की साखरही परत येते, म्हणून डोळे, किडनी आणि पायांची वार्षिक तपासणी सोडायची नाही.

मला अजून मधुमेह नाही, पण प्रीडायबेटिस आहे, म्हणजे साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहे.

तुमच्या बाबतीत जीवनशैलीचं पारडं स्पष्ट जड आहे. अमेरिकेतल्या ३,२३४ जणांच्या २००२ सालच्या अभ्यासात सुमारे तीन वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण वजन आणि व्यायामावर भर देऊन ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनने ३१ टक्क्यांनी. ध्येय होतं ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम.

वजन उतरवणारी इंजेक्शनं घेतली तर पथ्याची गरजच नाही ना?

सेमाग्लुटाइडसारखी औषधं भूक कमी करतात, साखर आणि वजन दोन्ही उतरवतात. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हा त्रास मुख्यतः डोस वाढवताना होतो. पाठीकडे जाणारी तीव्र पोटदुखी झाली तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा, स्वादुपिंडाला सूज असू शकते. साखर झपाट्याने उतरते तेव्हा डोळ्यांचा आधीचा विकार बळावू शकतो, म्हणून सुरू करण्याआधी पडदा तपासून घ्या. आणि घटलेल्या वजनात स्नायूही असतो. पुरेशी प्रथिनं आणि ताकदीचे व्यायाम नसतील तर औषध थांबल्यावर परत येते ती मुख्यतः चरबी.

वनस्पतीजन्य गोळ्या तरी निर्धोक असतात का?

‘नैसर्गिक’ लिहिलेल्या काही गोळ्यांत साखर पाडणारी नेहमीची औषधं न सांगता मिसळलेली सापडली आहेत. काय आणि किती पोटात जातंय हे माहीत नसेल तर त्याची तुलना कशाशी करणार? घेत असाल तर निदान डॉक्टरांपासून लपवू नका.

साखर जितकी खाली तितकं चांगलं, बरोबर ना?

नाही. ‘अकॉर्ड’ या १०,२५१ जणांच्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या रुग्णांचं एचबीएवनसी ६ च्या खाली नेण्याचा प्रयत्न केला. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. वय झालेल्या, एकटं राहणाऱ्या, साखर वारंवार खाली जाणाऱ्या माणसासाठी ८ च्या आसपासचा आकडाही योग्य असू शकतो. वडिलांच्या त्या रात्रीनंतर डॉक्टरांनी त्यांचं ग्लिमेपिराइड बंदच केलं. एचबीएवनसी ७.१ चं ७.७ झालं आणि आई रात्री झोपू लागली.

त्रास डॉक्टरांना कसा सांगू? ते घाईत असतात.

भेटीआधी आठवडाभर एका कागदावर तीन गोष्टी लिहा: गोळी कधी घेतली (जेवणाच्या आधी की नंतर), काय झालं आणि किती वाजता, त्या वेळी साखर किती होती. चुकलेल्या गोळ्याही प्रामाणिकपणे लिहा. मग आत गेल्या गेल्या सांगा: “ही गोळी मी आठवड्यातून तीनच दिवस घेतोय, कारण जुलाब होतात. डोस किंवा प्रकार बदलता येईल का? आणि मी रोज अर्धा तास चालायला लागलोय, तर कोणती गोळी आधी कमी होऊ शकेल?” एवढं बोलायला एक मिनिटही लागत नाही. कागद त्यांच्या हातात द्या.